आधी फॉर्म, मग कुदळ : इंग्लंडमध्ये घर बांधताना लागणारी ‘सिल’ लेव्ही

२०२४ चा दसरा शनिवारी आला होता. साडेतीन मुहूर्तांपैकी एक आणि वर सुट्टीचा दिवस, असा योग परदेशात क्वचितच जुळतो. माझ्या ओळखीच्या एका कुटुंबाने भूमिपूजनासाठी तोच दिवस धरला. जुना बैठा बंगला पाडून त्या जागी नवं घर बांधायचं होतं. प्लॅनिंग परमिशन उन्हाळ्यातच हातात आली होती. पाडकामवाला म्हणाला, मला गुरुवारच मोकळा आहे, नाहीतर थेट नोव्हेंबर. मग गुरुवारी बंगला जमीनदोस्त झाला, शनिवारी राडारोड्याच्या कडेला पाट मांडून पूजा झाली, नारळ फुटला, पेढे वाटले. काही आठवड्यांनी कौन्सिलचं, म्हणजे इथल्या महापालिकेचं, पत्र आलं. ‘सिल’ म्हणजे नव्या बांधकामावरची लेव्ही भरा : साधारण १९,८५० पौंड, तेही लगेच आणि एकरकमी.

त्यांनी माफीचा अर्ज केला नव्हता अशातला भाग नाही. अर्ज केला होता, उत्तर यायचं बाकी होतं. स्वतःसाठी घर बांधणाऱ्यांना ही लेव्ही पूर्ण माफ असते. मात्र माफी मंजूर होण्याआधी बंगला पडला आणि तेवढ्यावरून माफीचा हक्क गेला.

मी गेली बरीच वर्षं इथे घरांचे नकाशे आणि प्लॅनिंगचे अर्ज करतो. आपल्या लोकांकडून ही चूक पुन्हा पुन्हा होते आणि त्याचं कारण मला समजतं. आपल्याकडे महापालिका विकास शुल्क, प्रीमियम, हा सेस, ते डिपॉझिट असं सगळं आधी वसूल करते आणि मगच परवानगीचा कागद देते. त्यामुळे परवानगी मिळाली की देणं फिटलं, असं डोक्यात पक्कं बसलेलं असतं. इंग्लंडमध्ये क्रम उलटा आहे. परवानगी आधी मिळते, पैशाचा हिशेब नंतर सुरू होतो, आणि परवानगी ते पहिला फावडा या मधल्या काळात कोणता कागद कधी गेला यावर हजारो पौंड ठरतात. हा लेख त्या मधल्या काळाबद्दल आहे.

ही लेव्ही आहे तरी काय

पूर्ण नाव कम्युनिटी इन्फ्रास्ट्रक्चर लेव्ही. कौन्सिलमध्ये सगळे ‘सिल’ म्हणतात, मीही तेच म्हणतो. नवीन बांधकामामुळे रस्ते, शाळा, दवाखाने, बागा यांच्यावर भार वाढतो, तेव्हा बांधणाऱ्याने त्या खर्चाला हातभार लावावा, ही त्यामागची कल्पना. २००८ च्या प्लॅनिंग कायद्यात तिची तरतूद झाली, नियम ६ एप्रिल २०१० पासून लागू झाले, आणि नॉटिंगहॅमशायरमधल्या न्यूआर्क अँड शेरवुड कौन्सिलने २०११ च्या डिसेंबरात सर्वांत आधी ती आकारायला सुरुवात केली. ही लेव्ही इंग्लंड आणि वेल्समध्येच आहे. स्कॉटलंड आणि उत्तर आयर्लंडमधल्या वाचकांना हा लेख लागू नाही.

मोठ्या बिल्डरांसाठी सिल ही रोजचीच बाब. त्यांच्याकडे यासाठी माणसं असतात. अडकतो तो एकच घर बांधणारा, ज्याला ‘डेव्हलपर’ हा शब्द आपल्यालाही लागू होतो हेच ठाऊक नसतं. २०२३ च्या एका कायद्यात सिलच्या जागी नवी लेव्ही आणायची तयारी झाली होती, पण २०२४ मध्ये आलेल्या सरकारने ती अमलात आणणार नसल्याचं जाहीर केलं. म्हणून ‘सिल जाणार आहे’ असं कुणी सांगितलं तर त्या भरवशावर राहू नका.

पायरी १ : तुमच्या भागात ती आहे का आणि दर काय

सिल लावायची की नाही हे प्रत्येक कौन्सिल स्वतः ठरवतं. काही कौन्सिलांनी अजूनही लावलेली नाही. ज्यांनी लावली त्यांचं ‘चार्जिंग शेड्यूल’ नावाचं दरपत्रक संकेतस्थळावर असतं. ते लोकांच्या हरकती मागवून आणि स्वतंत्र परीक्षकाकडून तपासून घ्यावं लागतं, त्यामुळे प्लॅनिंग अधिकाऱ्याशी दराची घासाघीस होत नाही. दर चौरस मीटरमागे असतो आणि भागानुसार व वापरानुसार बदलतो. एकाच कौन्सिलच्या हद्दीत एका टोकाला घरांचा दर शून्य आणि दुसऱ्या टोकाला भरभक्कम, असंही दिसतं. म्हणून दरपत्रकासोबतचा नकाशा उघडा आणि तुमचा प्लॉट कोणत्या रंगात पडतो ते बघा.

लंडनमध्ये दोन सिल लागतात. एक बरोची, म्हणजे तुमच्या भागातल्या कौन्सिलची, दुसरी महापौरांची. महापौरांची २०१२ साली क्रॉसरेलसाठी, म्हणजे आताच्या एलिझाबेथ लाइनसाठी सुरू झाली. एप्रिल २०१९ पासून तिचे मूळ दर तीन पट्ट्यांत आहेत. वेस्टमिन्स्टर, कॅम्डन वगैरेंना चौरस मीटरमागे ८० पौंड. हॅरो, ब्रेंट, ईलिंग, हाउन्स्लो या आपल्या लोकांच्या भागांना ६०. क्रॉयडन, न्यूहॅमला २५. दोन्हींची वसुली बरोच करते. साउथॉल स्टेशनवर एलिझाबेथ लाइन पकडणाऱ्यांच्या प्रवासात कुणा ना कुणा घर बांधणाऱ्याचे पैसे आहेत.

पायरी २ : तुमचं काम तिच्यात बसतं का

मोजमाप सोपं आहे. नवीन बांधकाम १०० चौरस मीटर किंवा त्याहून जास्त असेल तर सिल लागू होते. आणि नवीन राहतं घर तयार होत असेल, तर ते कितीही लहान असो, लागू होतेच. ४० मीटरचा एका खोलीचा फ्लॅटही त्यात येतो.

म्हणजे नेहमीचं मागचं एक्स्टेन्शन, वरची लॉफ्टची खोली, बागेतली ऑफिसची खोली हे १०० मीटरच्या आत असेल आणि वेगळं घर होत नसेल तर सुटतं. तरीही कौन्सिल प्लॅनिंग अर्जासोबत फॉर्म १, म्हणजे सिलसाठीच्या माहितीचा फॉर्म, मागतं. तो दोन मिनिटांचा आहे, भरून टाका. अस्तित्वात असलेल्या इमारतीची आत फक्त विभागणी करून फ्लॅट केले आणि क्षेत्रफळ वाढलं नाही, तर आकारण्यासारखं काही उरत नाही.

एक गैरसमज मात्र हमखास असतो. ‘आमचं काम परमिटेड डेव्हलपमेंटमध्ये येतं, परमिशनच नको, मग सिल कसली?’ परमिशनची गरज नसलेल्या कामालाही, वरच्या मोजमापात बसत असेल तर, सिल लागते. तिथे काम सुरू करण्याआधी फॉर्म ५ देऊन आपणच कौन्सिलला कळवायचं असतं.

पायरी ३ : हिशेब

क्षेत्रफळ मोजायची रीत ग्रॉस इंटर्नल एरियाची. आपल्या चटई क्षेत्राशी तिची गल्लत करू नका. बाहेरच्या भिंतींच्या आतल्या बाजूपासून मोजायचं. आतल्या भिंती, जिना, कपाटं सगळं धरायचं. घराला जोडलेलं गॅरेजही धरलं जातं, आणि तिथेच लोकांचे १८-२० मीटर अचानक वाढतात.

त्यातून जुनी इमारत वजा होते, पण ती ‘वापरात’ असेल तरच. परवानगी लागू होण्याच्या दिवसाआधीच्या ३ वर्षांत ती सलग किमान ६ महिने कायदेशीर वापरात असली पाहिजे. पुरावा म्हणून कौन्सिल टॅक्सची बिलं, विजेची बिलं, भाडेकरार चालतात. चार वर्षं रिकामं पडलेलं घर घेऊन ते पाडलं, तर वजावट शून्य.

आता दसऱ्याच्या घराचा हिशेब. आकडे मी गोल केलेत.

नवं घर २३० चौ. मी., जुना बंगला ८५ चौ. मी. आणि गेल्या वर्षापर्यंत भाडेकरू राहत असल्याने वापरात. निव्वळ वाढ १४५ चौ. मी. दर १२० पौंड. सरळ गुणाकार १७,४०० पौंड.

पण बिल त्याहून जास्त आलं, कारण दरपत्रक २०२० चं होतं आणि परवानगी २०२४ ची. बांधकामाच्या किमती वाढतात तसा दरही दरवर्षी वाढवला जातो. त्यासाठी सर्वेयरांच्या संस्थेचा, आरआयसीएसचा, सिल निर्देशांक वापरतात. तो १ जानेवारीला बदलतो. २०२० साली तो ३३४ होता, २०२४ साली ३८१. म्हणून १७,४०० × ३८१ ÷ ३३४ = १९,८४८ पौंड. बंगला रिकामा असता आणि वजावट मिळाली नसती, तर हाच आकडा ३१,४८४ झाला असता. भाडेकरूच्या कराराचे ते चार कागद साडेअकरा हजार पौंडांचे निघाले.

पायरी ४ : माफी कोणती आणि कुणाला

बहुतेक घरगुती बांधकामांना माफी मिळू शकते. पण ती आपोआप मिळत नाही, मागावी लागते.

सेल्फ-बिल्ड माफी म्हणजे स्वतः राहण्यासाठी स्वतः बांधलेलं किंवा बांधून घेतलेलं घर. बिल्डरकडून करून घेतलं तरी चालतं, विटा स्वतः रचायची गरज नाही. अट अशी की पूर्ण झाल्यापासून ३ वर्षं तेच तुमचं मुख्य घर असलं पाहिजे. त्यासाठी फॉर्म ७ चा पहिला भाग.

एक्स्टेन्शनची माफी १०० मीटरच्या पुढच्या वाढीव बांधकामासाठी आहे. तुम्ही मालक असून तिथेच राहत असाल तर फॉर्म ९ भरून ती मिळते.

अ‍ॅनेक्सची माफी आपल्या लोकांच्या फार कामाची. आईबाबा सहा महिने इथे, सहा महिने पुण्यात असतात. त्यांना बागेत स्वयंपाकघर-न्हाणीघरासह वेगळी जागा करून द्यायची असते. अशी स्वतंत्र जागा ‘नवीन राहतं घर’ ठरू शकते, मग ती ३५ मीटरची असली तरी सिल लागू. फॉर्म ८ भरून माफी मागता येते. ३ वर्षं ती वेगळी विकायची नाही आणि भाड्यानेही द्यायची नाही. आईबाबा भारतात असताना विद्यार्थ्याला ठेवून चार पैसे मिळवण्याचा विचार त्या ३ वर्षांत मनातून काढून टाका.

याखेरीज परवडणाऱ्या घरांसाठी आणि धर्मादाय संस्थांनी स्वतःच्या कामासाठी केलेल्या बांधकामासाठी सवलती आहेत. मंदिर किंवा मंडळाची वास्तू बांधणाऱ्यांनी, संस्था नोंदणीकृत धर्मादाय असेल तर, फॉर्म १० नक्की बघावा.

एक गोष्ट कठोर वाटेल, पण आधीच सांगतो. बांधून टाकलं आणि नंतर परवानगी मागितली, तर कायद्याच्या लेखी काम परवानगीच्या दिवशीच सुरू झालेलं असतं. मग ‘सुरू होण्याआधी’ माफी मागायला वेळच उरत नाही. मंजूर नकाशापेक्षा घर दोन फूट पुढे काढून ‘बघू नंतर, रेग्युलराइज करू’ म्हणणाऱ्या गवंड्याला इथे हात जोडावेत. आपल्याकडे ते तडजोड शुल्कात निभावतं, इथे अख्खी माफी जाऊ शकते.

पायरी ५ : कागदांचा क्रम

हा भाग छापून फ्रिजवर लावला तरी चालेल. सेल्फ-बिल्डसाठी क्रम असा आहे.

१. प्लॅनिंग अर्जासोबत फॉर्म १.

२. परवानगी मिळाली की फॉर्म २. ‘सिल भरायची जबाबदारी माझी’ असं त्यात लिहून द्यायचं. माफीच मागायची आहे तर जबाबदारी कशाला घ्यायची, असं वाटतं आणि लोक तो बाजूला ठेवतात. पण माफी जबाबदारी घेणाऱ्यालाच मिळते. प्लॉट नवरा-बायको दोघांच्या नावावर असेल तर दोघांचीही नावं घाला.

३. फॉर्म ७, भाग १.

४. थांबा. कौन्सिलचं लेखी उत्तर येईपर्यंत थांबा. दसऱ्याचा घोटाळा झाला तो याच जागी. अर्ज पोचल्याची ईमेल म्हणजे मंजुरी नव्हे. मंजुरीच्या पत्रात माफीची रक्कम लिहिलेली असते. हा आकडा दिसल्याशिवाय कुणालाही साइटवर बोलावू नका.

५. फॉर्म ६, म्हणजे काम सुरू करण्याची नोटीस. त्यात तारीख लिहायची आणि ती नोटीस कामाच्या किमान एक दिवस आधी कौन्सिलला मिळालेली हवी. मी तर दोन आठवडे आधी पाठवतो आणि पोच मागून घेतो.

फॉर्म ६ विसरला आणि माफी आधीच मंजूर असेल, तर पूर्वीसारखी ती थेट जात नाही. १ सप्टेंबर २०१९ पासून इंग्लंडमध्ये नियम सौम्य झाला. आता माफ झालेल्या रकमेच्या २० टक्के किंवा २,५०० पौंड, यातलं जे कमी असेल तेवढा दंड लागतो. तरी मोड्युलर किचनचं निम्मं बजेट जातंच की. एक्स्टेन्शनच्या माफीला फॉर्म ६ लागत नाही, अ‍ॅनेक्सला लागतो.

सगळे फॉर्म प्लॅनिंग पोर्टलवर आहेत, पण ते द्यायचे कौन्सिलच्या सिल अधिकाऱ्याकडे. तुमच्या अर्जाचा प्लॅनिंग अधिकारी आणि बिल्डिंग कंट्रोलचा, म्हणजे बांधकाम तपासणारा, निरीक्षक ही वेगळी माणसं, वेगळी टेबलं. ‘बिल्डिंग कंट्रोलला कळवलं होतं हो’ हे मी फार वेळा ऐकलंय. त्याचा इथे उपयोग नाही.

पायरी ६ : काम ‘सुरू झालं’ म्हणजे नेमकं काय

भूमिपूजनाने काम सुरू होतं का, हा प्रश्न मला दरवर्षी कुणीतरी विचारतं, आणि तो हसण्यावारी न्यायचा नाही. कायद्यात ‘मटेरियल ऑपरेशन’ असा शब्द आहे आणि त्यात काय येतं हे १९९० च्या प्लॅनिंग कायद्यात लिहिलंय. इमारतीचं बांधकाम, इमारत पाडणं, पायासाठी चर खणणं, पायाकडे जाणारी जमिनीखालची पाइपलाइन किंवा मुख्य वाहिनी टाकणं, रस्ता आखणं किंवा तयार करणं. यातलं कोणतंही एक, कितीही छोटं, तुमच्या परवानगीच्या कामाचा भाग म्हणून झालं की काम सुरू.

नारळ फोडणं यात बसत नाही. हळदकुंकू वाहून यजमानाने कुदळीचा एक घाव घालणं, विटेची पूजा करणं, मातीत सुपारी पुरणं यालाही कुणी पायाचा चर म्हणणार नाही. अडचण येते ती गुरुजी गेल्यावर. बिल्डर म्हणतो, मशीन आलंच आहे तर कोपरा खणून ठेवतो. तो कोपरा म्हणजे सुरुवात. गॅरेज पाडणं हा मंजूर कामाचा भाग असेल तर तेही सुरुवात. उलट झाडं छाटणं, कुंपण घालणं, मातीच्या चाचणीसाठी एखादं भोक घेणं यांना सहसा सुरुवात धरत नाहीत. पण जिथे शंका आहे तिथे कागद येईपर्यंत तेही लांबवा.

म्हणून मी लोकांना सांगतो, मुहूर्त काढा, पण दोन तारखा ठेवा. पूजेची एक, मशीनची दुसरी. फॉर्म ६ वर मशीनची तारीख लिहा. दोन्ही एकाच दिवशी हव्या असतील तर तो दिवस लिहा आणि नोटीस आधी पोचवा. पावसामुळे किंवा बिल्डरच्या कृपेने तारीख पुढे गेली, तर काम सुरू व्हायच्या आत नोटीस मागे घेऊन नवी देता येते. बिल्डरला हे तोंडी सांगून भागत नाही. मी करारातच एक ओळ घालायला लावतो : मालकाच्या लेखी परवानगीशिवाय पाडकाम वा खोदकाम नाही.

पायरी ७ : भरायची वेळ आली तर

माफी नसेल तर कौन्सिल लायबिलिटी नोटीस पाठवतं, त्यात रक्कम असते. काम सुरू झाल्यावर डिमांड नोटीस येते. नियमाने सगळं केलं असेल तर सुरुवातीपासून ६० दिवसांत पैसे भरायचे, आणि कौन्सिलची हप्त्यांची सोय असेल तर तिचाही लाभ मिळतो. फॉर्म ६ दिला नसेल तर हप्ते नाहीत, ६० दिवसही नाहीत.

उशीर झाला तर ३० दिवसांनंतर थकलेल्या रकमेच्या ५ टक्के किंवा २०० पौंड, जे जास्त असेल ते, दंड म्हणून लागू शकतं. पुन्हा ६ महिन्यांनी तेवढंच, पुन्हा १२ महिन्यांनी तेवढंच. शिवाय बँक ऑफ इंग्लंडच्या दरावर अडीच टक्के व्याज. प्रकरण फार ताणलं तर कौन्सिल काम थांबवण्याची नोटीस लावू शकतं. अर्धवट घरावर ताडपत्री टाकून बसण्यापेक्षा अधिकाऱ्याला फोन करून बोललेलं बरं. माझ्या अनुभवात ही माणसं खडूस नसतात, पण नियमात त्यांना दया दाखवायला जागा कमी आहे.

आकडाच चुकीचा वाटला, म्हणजे क्षेत्रफळ चुकलं किंवा जुनी इमारत वजा केली नाही, तर लायबिलिटी नोटीस निघाल्यापासून २८ दिवसांत कौन्सिलकडे फेरतपासणी मागा. तरी पटलं नाही तर नोटीस निघाल्यापासून ६० दिवसांच्या आत व्हॅल्युएशन ऑफिसकडे अपील करता येतं. हे सगळं काम सुरू करण्याआधी उरका, नंतर ही दारं बंद होतात. दंडाविरुद्धचं अपील वेगळं. ते प्लॅनिंग इन्स्पेक्टोरेटकडे, २८ दिवसांत.

पायरी ८ : घर झालं, कागद राहिले

वास्तुशांत झाली, पाहुणे गेले, आणि फॉर्म ७ चा दुसरा भाग ड्रॉवरमध्येच राहिला, असंही होतं. घर पूर्ण झाल्यापासून ६ महिन्यांत तो द्यावा लागतो. सोबत बिल्डिंग कंट्रोलचं पूर्णत्वाचं प्रमाणपत्र, मालकीचा कागद, कौन्सिल टॅक्सचा कागद, तिथे राहत असल्याचे आणखी दोन पुरावे, आणि सेल्फ-बिल्डचा एक ठोस पुरावा : व्हॅट परताव्याचा मंजूर दावा, सेल्फ-बिल्ड वॉरंटी किंवा सेल्फ-बिल्ड मॉर्टगेज. दुसरा भाग नाही दिला तर पूर्ण रक्कम मागता येते.

पुढची ३ वर्षं घर विकलं, पूर्ण भाड्याने दिलं किंवा मुख्य घर म्हणून सोडलं तर माफी परत जाते, आणि तसं झाल्याचं १४ दिवसांत तुम्हीच कौन्सिलला कळवायचं. कंपनी दोन वर्षांसाठी सिंगापूरला पाठवतेय म्हणून घर भाड्याने देणाऱ्यांनी पगारवाढीतून ही रक्कम आधी वजा करून पाहावी.

कलम १०६ आणि पैसा जातो कुठे

सिलशेजारी ‘सेक्शन १०६’ हे नाव ऐकू येईल. तो १९९० च्या कायद्यातला करार. त्या विशिष्ट जागेमुळे जे करावं लागेल तेवढ्यापुरता तो असतो आणि त्यावर बोलणी होऊ शकतात. मोठ्या प्रकल्पांतली परवडणारी घरं त्यातून येतात. एकट्या घराला तो फार क्वचित गाठतो, म्हणून इथेच सोडतो.

सिलचा हिशेब मात्र बघण्यासारखा असतो. प्रत्येक कौन्सिलला दरवर्षी ३१ डिसेंबरपर्यंत किती जमा, किती खर्च, कशावर, हे जाहीर करावं लागतं. जमा रकमेचा १५ टक्के भाग बांधकाम जिथे झालं त्या पॅरिशला, म्हणजे गावपातळीच्या कौन्सिलला, जातो. तिथे लोकांनी मंजूर केलेला नेबरहूड प्लॅन असेल तर २५ टक्के. पॅरिश नसलेल्या भागात, म्हणजे लंडनच्या बहुतेक भागात, हा वाटा कौन्सिलच लोकांना विचारून खर्च करतं, आणि काही बरो त्यासाठी स्थानिक संस्थांकडून प्रस्ताव मागवतात. गणपतीसाठी दरवर्षी गळक्या हॉलचं भाडं भरणाऱ्या मंडळांनी त्या हॉलच्या छपरासाठी तिथे अर्ज सुचवायला हरकत नाही.

परवानगीसह प्लॉट विकत घेताना

हे मुद्दाम शेवटी ठेवलं, कारण इथे चूक दुसऱ्याची असते आणि बिल तुमचं. सिल जमिनीला चिकटते. लोकल लँड चार्ज, म्हणजे जमिनीवरचा बोजा, म्हणून तिची नोंद होते, त्यामुळे सॉलिसिटरच्या सर्चमध्ये ती दिसायला हवी. आधीच्या मालकाला मिळालेली माफी तुम्हाला मिळत नाही. तुमच्या नावाने नवा फॉर्म २, नवा फॉर्म ७, नवी मंजुरी, आणि हे सगळं काम सुरू होण्याआधी.

आता गंमत अशी की परवानगी साधारण ३ वर्षं टिकते, आणि ती जिवंत ठेवण्यासाठी मालक शेवटच्या महिन्यात एक छोटा चर खणून ठेवतात. जाहिरातीत लिहिलेलं असतं ‘काम सुरू, परवानगी कायम’. खरेदीदाराला ते फायद्याचं वाटतं. सिलच्या दृष्टीने त्या दिवशीच सुरुवात झाली, म्हणजे नव्या मालकाला माफी मागायची वेळ निघून गेली. म्हणून सॉलिसिटरला दोन प्रश्न लेखी विचारा : या परवानगीवर सिल किती आहे आणि भरली का? फॉर्म ६ गेला आहे का, कोणत्या तारखेचा? आणि प्लॉट बघायला जाल तेव्हा गमबूट घालून कडेकडेने फिरा. मागच्या वर्षी एका जोडप्याबरोबर मी असाच गेलो होतो. मागच्या कुंपणालगत खाज आणणाऱ्या नेटलच्या दाटीत तीन मीटर लांबीचा एक चर होता, अर्धा पाण्याने भरलेला, तळाशी काँक्रीट. त्यांनी त्या प्लॉटच्या किमतीतून सिलची पूर्ण रक्कम कमी करून मागितली, आणि विकणाऱ्याने ती दिली.